घोळीवरची काटेरी अळी: अमळनेर तालुक्यातलं एक प्रकरण

एकाच परसातल्या घोळीवरून आणलेल्या, एकाच डब्यात वाढलेल्या, दिसायला सारख्याच अळ्या. त्यांतून पहिलं फुलपाखरू निघालं ते नारिंगी. दुसऱ्या दिवशी दुसरं निघालं ते काळंभोर, पांढऱ्या ठिपक्यांचं. पहिल्याला बघून जाणत्या माणसांनी जे नाव सांगितलं, ते बरोबर नव्हतं. ते बरोबर नाही हे नववीतल्या एका मुलीला दुसरं फुलपाखरू निघण्याआधीच कसं कळलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. फुलपाखरं ओळखायचा आणि अळ्या पाळायचा छंद खान्देशात आता बऱ्याच घरांत शिरतो आहे. बहुतेकांची सुरुवात पंखांच्या फोटोपासून होते. माझ्या मते ती पानापासून व्हायला हवी.

मुलगी माझी भाची. बहिणीचं सासर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून थोडं आत. काळी जमीन, कपाशी आणि मका. घरामागे विहीर आहे आणि विहिरीच्या पाटाला कायम ओल. त्या ओलीवर पावसाळाभर घोळ माजलेली असते. कपाशीत हीच घोळ तण म्हणून निंदून टाकतात आणि परसातली भाजीला खुडतात. कानबाईचं विसर्जन झालं त्या आठवड्यात भाची भाजी खुडायला गेली आणि पानांवर काळपट, काटेरी अळ्या दिसल्या. आजीने लांबूनच दरडावलं, "हात नको लावजो माय, आग व्हई!"

आजीची भीती निराधार नव्हती. आपल्याकडे एरंडीवर, आंब्यावर हिरव्या रंगाच्या, आखूड, गोगलगायीसारख्या सरकणाऱ्या काटेरी अळ्या असतात. त्यांचा काटा लागला की खरोखर आग होते, अंग सुजतं. केसाळ सुरवंटांनीही अंगावर गांधी उठतात. पण फुलपाखरांच्या ज्या अळ्यांना फांद्या फुटलेले काटे असतात, त्यांचे काटे दिसायला भयंकर असले तरी त्यांत विष नसतं. फरक ओळखू येईपर्यंत कुठल्याही काटेरी अळीला बोट लावायचं नाही, पानासकट उचलायची, हा नियम मी सगळ्याच मुलांना सांगते. भाचीने तेच केलं. घोळीचे देठ अळ्यांसकट कात्रीने कापून आणले आणि मला फोन केला.

अळीवरून काय कळलं

मी तिला चार गोष्टी नीट बघायला सांगितल्या: अंग गुळगुळीत की काटेरी, काटे साधे की फांद्या फुटलेले, डोक्याचा रंग कोणता, आणि डोक्यावर शिंगं आहेत का.

उत्तर आलं: अंग काळपट, काटे फांद्या फुटलेले आणि पांढुरके, डोकं तांबूस नारिंगी, डोक्यावर दोन लांब काळी शिंगं आणि त्या शिंगांनाही बारीक काटे.

एवढ्या वर्णनाने बरीच नावं गळून पडतात. घोळीवर लष्करी अळी येते, माठावर आणि घोळीवर पानं जाळ्याने गुंडाळणारी बारीक हिरवी अळीही येते. पण त्या दोन्ही पतंगांच्या, काट्यांविना. पॅन्सी गटातल्या फुलपाखरांच्या अळ्यांना फांद्यांचे काटे असतात, मात्र डोक्यावर अशी लांब शिंगं नसतात. शिंगं आणि काटे दोन्ही असलेली अळी आपल्या भागात सर्रास दिसते ती एरंडीवर, कॉमन कॅस्टर या फुलपाखराची. ती घोळीकडे फिरकत नाही. राहता राहिला एगफ्लाय हा फुलपाखरांचा गट. भारतात सहज भेटणारे एगफ्लाय दोन, ग्रेट एगफ्लाय आणि डॅनिड एगफ्लाय. दोघांच्याही अळ्या काळ्या, काटेरी, शिंगांच्या आणि घोळ दोघांनाही चालते.

म्हणजे अळीच्या टप्प्यावर आम्ही दोन नावांपर्यंत आलो होतो, त्यापुढे नाही. वहीत तिने तसंच लिहिलं: "एगफ्लाय, दोहोंपैकी एक." पूर्ण नाव लिहायची घाई केली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. अर्धवट पण खरी नोंद पुढे पूर्ण करता येते. घाईने लिहिलेलं पूर्ण नाव मात्र बहुतेक वेळा तसंच राहून जातं.

पाळणूक

घोळ हे पाळायला सोयीचं खाद्य. पान मांसल असल्याने कापलेला देठ लवकर सुकत नाही, बाटलीत पाणी भरून त्यात फांदी खोचायची गरज पडत नाही. (लिंबाची किंवा कढीपत्त्याची फांदी अशी ठेवायची झाली तर बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा घट्ट लावावा. नाहीतर अळ्या देठावरून खाली उतरतात आणि पाण्यात बुडतात.) पण घोळीचा हा गुणच बंद डब्यात घातक ठरतो. पानांतलं पाणी झाकणाला आतून साचतं, लेंड्या भिजतात, बुरशी धरते, आणि ओलसर गर्दीत अळ्यांमध्ये रोग पसरतो. म्हणून झाकण नको. रुंद तोंडाचा उभा डबा, तळाला वर्तमानपत्र, तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि त्यावर रबर. कागद रोज बदलायचा. जुन्या देठावरची अळी ओढून काढायची नाही. नवा देठ शेजारी ठेवला की ती आपण होऊन चढते. कात टाकण्याआधी अळी दिवसभर न खाता एका जागी बसून राहते, तेव्हा तर तिला हलवायचंच नाही. बारीक रेशमावर तिने पाय रोवलेले असतात. ते सुटले तर जुन्या कातीतून तिला बाहेर पडता येत नाही.

डबा घराच्या पडवीत ठेवला होता, ऊन येणार नाही पण उजेड येईल असा. डब्याखाली पाण्याची थाळी, मुंग्यांसाठी. खेड्यातल्या घरात पाळलेल्या अळ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू मुंगी. पाल तिच्यानंतर.

अळ्या दोन डब्यांत विभागल्या होत्या. एक डबा भाचीचा, दुसरा तिच्या धाकट्या भावाने हट्टाने मागून घेतलेला. दुसऱ्या डब्यात एका संध्याकाळी सगळ्या अळ्या मेल्या.

दुसऱ्या डब्यातले मृत्यू

पाळणाऱ्याच्या हाती मेलेली अळी आली की तो "वातावरण मानवलं नाही" म्हणून डबा रिकामा करतो. असं करू नये. मेलेली अळी कशी मेली हे बऱ्याचदा तिच्याकडे बघूनच कळतं, आणि ते कळलं तर पुढच्या अळ्या वाचतात.

विषाणूचा रोग झालेली अळी हळूहळू मंदावते, खाणं सोडते, डब्याच्या वरच्या बाजूला चढते आणि तिथेच पायांनी लोंबकळत मरते. अंग मऊ पडतं, काळवंडतं, हात लागला तर फुटून पाणी वाहतं, दुर्गंधी येते. सगळ्या एकाच दिवशी जात नाहीत, एकामागून एक जातात. परजीवी माशी किंवा गांधीलमाशीने अंडी घातलेली अळी शेवटपर्यंत खात असते आणि मग तिच्या अंगातून पांढरे किडे बाहेर येतात. कधी शेजारीच तांदळाएवढे रेशमी कोष विणलेले दिसतात. विषबाधा झालेली अळी निराळी मरते. ती तडफडते, अंग वळवते, तोंडातून हिरवं पाणी टाकते, पानावरून खाली पडते आणि आक्रसते. आणि डब्यातल्या लहानमोठ्या सगळ्या अळ्यांना एकदमच हे होतं.

भावाच्या डब्यात तिसरा प्रकार दिसत होता. तळाच्या कागदावर हिरवे डाग, अळ्या आखडलेल्या, दुर्गंधी नाही, किडे नाहीत. शेजारच्या डब्यातल्या अळ्या मात्र ठणठणीत. डबे सारखे, जागा सारखी, फरक फक्त पाल्याचा असू शकत होता. विचारल्यावर कळलं की परसातली घोळ लांब वाटली म्हणून त्याने त्या दिवशी बांधावरून घोळ उपटून आणली होती आणि पलीकडच्या कपाशीवर नुकतीच मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी झाली होती. पंपाचा फवारा वाऱ्याने बांधावर येतोच. प्रयोगशाळेत पानं तपासली नाहीत, तेव्हा विषबाधेचा हा निष्कर्ष लक्षणांवरून आणि दोन डब्यांच्या तुलनेवरून काढलेला आहे, हे इथे नोंदवते. माझी मात्र त्याबद्दल खात्री आहे.

खान्देशात पाळणूक करणाऱ्याने हे मनावर घ्यावं. इथे पावसाळा आणि कपाशीची फवारणी बरोबरच चालतात. बांधावरचं, कालव्याच्या कडेचं, रोपवाटिकेतून नुकतं आणलेलं, यांपैकी कशावरचंही पान पाळलेल्या अळीला घालू नये. रोपवाटिकेतला कढीपत्ता हिरवागार दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा औषध असतं. परसातलं, आपण स्वतः ज्यावर काही मारलेलं नाही असं माहीत असलेलंच झाड वापरावं. पाला धुतला म्हणून भागत नाही. काही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात, ती पाण्याने निघत नाहीत. आणि बांधावरची अशी घोळ भाजीलाही घेऊ नये, हे आजीने त्याच दिवशी घरात जाहीर केलं.

कोष आणि पहिलं फुलपाखरू

भाचीच्या डब्यातल्या अळ्या पूर्ण वाढल्यावर खाणं सोडून मच्छरदाणीच्या कापडावर फिरू लागल्या. एकेकीने रेशमाची बारीक गादी विणून शेपटाकडून स्वतःला उलटं टांगलं. दुसऱ्या दिवशी कोष झाले होते, तपकिरी, पाठीवर टोकदार उंचवट्यांच्या रांगा असलेले. हा कोष लक्षात ठेवावा, पुढच्या वादात त्याचीही साक्ष कामाला आली.

साधारण आठवड्याने पहिलं फुलपाखरू निघालं. निघाल्यावर त्याने कागदावर तांबूस द्रव टाकला. घरात रक्त म्हणून गडबड उडाली. तो कोषातल्या काळात साठलेला टाकाऊ द्रव असतो, बहुतेक फुलपाखरं निघताना तो टाकतात. पंख फुगून, वाळून ताठ झाल्यावर दिसलं ते असं: नारिंगी पंख, पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात तिरका पांढरा पट्टा.

फोटो मी दोघा-तिघा अनुभवी मित्रांना दाखवला. सगळ्यांचं उत्तर एकच, प्लेन टायगर. त्यांना दोष देता येणार नाही. प्लेन टायगर हे खान्देशात बारमाही दिसणारं फुलपाखरू आहे, मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हासुद्धा रुईभोवती ते हळू, निवांत उडताना दिसतं. नारिंगी पंख, काळं टोक आणि पांढरा पट्टा एकत्र दिसले की हात आपोआप तेच नाव लिहितो.

भाचीचं म्हणणं सोपं होतं: "मावशी, प्लेन टायगर तर रुईवर असतं ना? हे घोळ खाऊन मोठं झालंय."

या एका वाक्यावर प्रकरण संपल्यातच जमा होतं. प्लेन टायगरची अळी रुईच्या कुळातली, चिकाची झाडं खाते. ती गुळगुळीत असते, अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ, काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. तिचा कोष हिरवा किंवा फिकट गुलाबी, गुळगुळीत, सोनेरी ठिपक्यांचा. आमच्या अळीचं नि कोषाचं यातल्या कशाशीच जुळत नव्हतं. शंका राहू नये म्हणून गावाबाहेरच्या पडीक जागेतल्या रुईवर प्लेन टायगरची अळी शोधून तिने दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. (रुईचं पान तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. डोळ्याच्या बुबुळाला त्याने गंभीर इजा होते. मुलांना रुईजवळ एकटं पाठवू नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.)

मग फुलपाखराकडे पुन्हा बघितलं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. आमच्या फुलपाखराला तिथे एकच ठिपका होता, तोही वरच्या कडेजवळ. प्लेन टायगरचं डोकं आणि छाती काळी, त्यावर पांढरे टिपके. हिची छाती तपकिरी, बिनटिपक्यांची. ही खूण फोटोत सगळ्यांसमोर होती, पण नाव आधी ठरल्यावर ती कोणी तपासली नाही. हीच ती डॅनिड एगफ्लायची मादी, शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिपस.

दुसऱ्या दिवशीचा नर

दुसऱ्या दिवशी निघालेल्या नराने उरलीसुरली शंका मिटवली. काळे मखमली पंख, पुढच्या पंखावर एक मोठा लांबट आणि टोकाजवळ एक लहान पांढरा डाग, मागच्या पंखावर एक मोठा गोल डाग, आणि डागांच्या कडांना तिरप्या उजेडात जांभळी निळी झाक. नर आणि मादी शेजारी ठेवली तर ती एका जातीची आहेत असं कोणी म्हणणार नाही. ग्रेट एगफ्लायचा नरही असाच काळा असतो, त्यामुळे नुसता नर निघाला असता तर आणखी तपासावं लागलं असतं. पण ग्रेट एगफ्लायची मादी काळपट तपकिरी असते, अशी नारिंगी नसते. एकाच जागेवरच्या, एकाच वेळच्या अळ्यांतून ही जोडी निघाल्यावर नाव एकच उरलं.

मादीने प्लेन टायगरचं रूप का घ्यावं, हे समजून घेणं मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. प्लेन टायगरची अळी रुईतली विषारी द्रव्यं अंगात साठवते आणि ती फुलपाखरातही उतरतात. वेडा राघू, कोतवाल यांसारखे किडे टिपणारे पक्षी एकदा कडू घास घेतला की त्या रंगाचं फुलपाखरू पुढे टाळतात. घोळ खाऊन वाढलेली एगफ्लाय पक्ष्यांना खाण्याजोगी असते, पण तिची मादी कडू फुलपाखराचा वेश घेऊन वाचते. चविष्ट जातीने बेचव जातीची नक्कल करण्याचा हा प्रकार हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडला, आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. अंडी घालायला पान शोधत मादीला जमिनीलगत बराच वेळ रेंगाळावं लागतं, धोका तिला जास्त. नराचे रंग वेगळे राहण्यामागे एक कारण असं सांगतात की मादी त्या खुणांवरून आपल्या जातीचा नर ओळखते.

नकलेला फसणारे फक्त पक्षीच नाहीत. आपल्याकडच्या नोंदींमध्ये प्लेन टायगर म्हणून लिहिलेल्या काही फुलपाखरांत ही मादी नक्की लपलेली असणार. पावसाळ्यात, घोळ माजलेल्या जागी प्लेन टायगर दिसलं तर मागच्या पंखाचे ठिपके मोजल्याशिवाय नाव लिहू नये, असं मी आता सर्वांना आग्रहाने सांगते.

नाव कळल्यानंतर

नाव कळलं तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहिला: ही जात घरी पाळणं कायद्याला चालतं का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, या जातीचं नाव होतं. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कायद्याने जपलेली जात, परसातल्या तणावर वाढणारी असली तरी, हौसेखातर डब्यात ठेवायची नाही, अशी भूमिका आम्ही घेतली. नर-मादी दोन्ही त्याच दिवशी विहिरीजवळ सोडली. उरलेले कोष कापडाच्या तुकड्यासकट पाटाशेजारच्या करंजाच्या फांदीला, सावलीत टांगले. पुन्हा नव्या अळ्या आणल्या नाहीत. कुणाला अशी अळी सापडली तर ओळख होईपर्यंतचे फोटो घ्यावेत, अळी जागेवरच राहू द्यावी आणि शंका असेल तर वन विभागाला विचारावं. यावल, अनेर धरण, गौताळ्याची पाटणादेवीकडची बाजू अशा अभयारण्यांतून तर परवानगीशिवाय अळीच काय, तिचं पानही उचलू नये.

पाळणूक शिकायची असेल तर घरच्या लिंबावरची लाइम बटरफ्लायची अळी घ्यावी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या टप्प्यात हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून तांबडं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लिंबूबागायतदार तिला कीड म्हणूनच ओळखतात, लहान रोपांवरच्या अळ्या हाताने वेचून टाकतात. त्यांच्याकडे मागितल्या तर आनंदाने देतात.

संग्रह म्हणाल तर टाचणीला टोचलेलं एकही फुलपाखरू या प्रकरणात नाही. भाचीच्या वहीत अळीचे, कोषाचे, दोन्ही फुलपाखरांचे वरून आणि खालून काढलेले फोटो आहेत. घोळीची वाळवलेली फांदी कागदावर चिकटवलेली आहे, आणि शेजारी तारीख, गाव, जागा, खाद्यवनस्पती आणि दुसऱ्या डब्यातल्या मृत्यूंची लक्षणं. चुकीचं ठरलेलं "प्लेन टायगर" हे नावही तिने खोडलेलं नाही. त्याच्यापुढे ते कशावरून सुचलं होतं आणि कशावरून बाजूला पडलं, हे लिहिलं आहे.

पुढच्या पावसाळ्यात ती अळ्या पाळणार नाही, पण पाटाकडेची घोळ बघणार आहे. मादी अंडी घोळीच्या पानावरच घालते की शेजारच्या दुसऱ्या कशावर, आणि कपाशीची फवारणी सुरू झाल्यावर परसातल्या अळ्या कमी होतात का, हे दोन प्रश्न तिने वहीच्या नव्या पानावर लिहून ठेवले आहेत. आजीने पाटाच्या टोकाची घोळ भाजीला खुडायची नाही, असं आत्ताच सांगून टाकलं आहे.